जिवाची मुंबई : शहर पाहण्याच्या एका रीतीचा इतिहास

'जिवाची मुंबई करणे' हा वाक्प्रचार मराठी माणसाच्या तोंडी इतका बसलेला आहे की, त्यातील वेगळेपण सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. मनाची हौस पुरती फेडून घेणे, चार दिवस खाऊन, पिऊन, हिंडून सुखात घालविणे, असा त्याचा अर्थ. जिवाचे पुणे कोणी करीत नाही. जिवाचे इंदूर किंवा जिवाचे हैदराबादही कोणी केल्याचे ऐकिवात नाही. काशीला जाऊन पुण्य जोडावयाचे, पंढरीला जाऊन विठोबाचे दर्शन घ्यावयाचे आणि मुंबईला जाऊन मुंबई पाहावयाची, अशी वाटणी आपल्या भाषेनेच करून ठेवली आहे. हा वाक्प्रचार मुंबईत राहणाऱ्याचा नव्हे. तो बाहेरून मुंबईला जाणाऱ्याचा आहे, हेही येथे लक्षात घेतले पाहिजे. गिरगावात जन्म काढलेला मनुष्य जिवाची मुंबई करीत नसतो. ती करावयाची ती मडगावाहून, बेळगावाहून, बडोद्याहून, इंदुराहून आलेल्याने.

मुंबईचा इतिहास पुष्कळांनी लिहिला आहे. तिचे किल्ले, गोद्या, गिरण्या, सभा आणि चळवळी यांविषयी ग्रंथांची वाण नाही. परंतु मुंबई पाहावयास येणाऱ्या कुटुंबांचा इतिहास सहसा कोणी सांगत नाही. सहल म्हणजे चैन, आणि चैनीला कसला आला आहे इतिहास, अशी आपली समजूत असते. आम्हांस ती बरोबर वाटत नाही. महाराष्ट्राच्या सीमेबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी कुटुंबांना मुंबई कळली ती मुख्यतः दोन वाटांनी : एक वर्तमानपत्रांच्या आणि पुस्तकांच्या, आणि दुसरी मामाच्या किंवा आत्याच्या घरी आठ दिवस राहून केलेल्या भटकंतीच्या. पहिल्या वाटेचा अभ्यास झाला आहे. दुसरीकडे या लेखात वळावयाचे आहे.

२

घरच्या मंडळींसह परगावी जाणे ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही. पण आगगाडीपूर्वी त्या जाण्याला देवाचे निमित्त लागत असे. यात्रा, नवस, गंगास्नान, अस्थिविसर्जन, नाही तर लग्नकार्य, यांखेरीज बायकामुलांना घेऊन निघणे व्यवहारात बसत नव्हते. नुसते एखादे नगर पाहण्यासाठी खर्च करावयाचा, ही कल्पनाच परकी होती. १८५७ साली बाबा पदमनजी यांचे 'यमुनापर्यटन' प्रसिद्ध झाले. या पुस्तकाचा हेतू विधवांची दुःस्थिती दाखविण्याचा होता, हे सर्वज्ञात आहे. पण पतिपत्नींनी बरोबर प्रवास करावा, वाटेत जे दिसेल ते डोळसपणे पाहावे आणि त्यावर आपसांत बोलावे, हा त्या पुस्तकाचा सांगाडाच त्या काळी नवा होता. पदमनजी जन्माने बेळगावचे, ही गोष्ट आम्हां सीमाभागातील वाचकांना मुद्दाम सांगण्याची गरज नाही.

त्यानंतर सहा वर्षांनी, १८६३ साली, गोविंद नारायण माडगावकर यांचे 'मुंबईचे वर्णन' बाहेर पडले. माडगावकरांचा जन्म १८१५ सालचा आणि घराणे गोव्याचे. लहानपणी ते मुंबईस आले आणि तेथेच शिक्षकी करून राहिले. मुंबईत जन्मलेल्या माणसाला जे रोजचे वाटावयाचे ते त्यांना पाहण्याजोगे वाटले, याचे कारण त्यांच्या या बाहेरून येण्यात असावे असे आम्हांस वाटते. रस्ते, विहिरी, देवळे, बाजार, सण, निरनिराळ्या जातींची वस्ती, शाळा, छापखाने, काहीच त्यांनी वगळले नाही. शहर पाहण्याची दृष्टी मराठी वाचकाला देणारा हा पहिला मोठा ग्रंथ.

त्याची वेळही मोठी विलक्षण होती. ज्या कोटाच्या आतबाहेर माडगावकरांची मुंबई वसली होती, त्या कोटाच्या भिंती १८६२ पासून पाडण्यास सुरुवात झाली. अपोलो, चर्च आणि बाजार असे त्याचे तीन दरवाजे. ते गेले, आणि त्यांतील एकाचे नाव मात्र चर्चगेट या रूपाने आजही आगगाडीच्या पाटीवर आहे. दरवाजा नाही आणि नाव आहे, हा अनुभव मुंबई पाहणाऱ्याला पुढेही वारंवार यावयाचा होता.

३

नुसत्या पुस्तकाने मनुष्य घराबाहेर पडत नाही. त्याला वाट लागते. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी गेली, ती चौदा डब्यांची आणि सुमारे चारशे निमंत्रितांची. ती सहलच होती म्हणा ना! पण दूरच्या मराठी माणसाच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाच्या तारखा पुढच्या आहेत. १८६३ साली बोरघाट आणि १८६५ साली थळघाट आगगाडीने ओलांडला, आणि देश व कोकण यांमधील सह्याद्रीची भिंत प्रवाशापुरती खाली आली.

त्यानंतर एकेका ठिकाणची वाट उघडत गेली. बडोद्याकडची गाडी १८६४ साली मुंबईस येऊन भिडली. हैदराबादेस जाणारा निजामाच्या राज्यातील फाटा वाडीपासून निघून १८७४ साली सिकंदराबादेस पोहोचला. तेव्हापासून हैदराबादच्या मराठी कुटुंबाला वाडी, सोलापूर, पुणे अशी मुंबईची सरळ वाट झाली. इंदूरचे तुकोजीराव होळकर यांनी आपल्या राज्यातून रेल्वे जावी म्हणून सरकारला एक कोटी रुपये कर्जाऊ दिले, आणि त्या दशकाच्या अखेरीस इंदूरचा मनुष्य खांडव्यास गाडी बदलून मुंबईस जाऊ लागला. बेळगावकडून जाणाऱ्याला १८९० च्या सुमारास मिरजेवरून पुण्याची वाट मिळाली. पण ती लहान रुळांची, त्यामुळे पुण्यास सामान उतरवून मोठ्या रुळांच्या गाडीत चढणे आलेच. सामान म्हणजे वळकटी, ट्रंक, फिरकीचा तांब्या आणि दशम्यांची दुरडी.

गोव्याची गोष्ट निराळी. तेथून जाणाऱ्यांची जुनी वाट समुद्राची. कोकणच्या किनाऱ्याने बंदर बंदर करीत जाणाऱ्या आगबोटींनी कित्येक पिढ्या मुंबईस पोहोचविल्या. सकाळच्या उन्हात दीपगृह, मग डोंगरी आणि मग धक्का असा मुंबईचा चेहरा समुद्रातून हळूहळू पुढे येताना ज्यांनी पाहिला, त्यांची मुंबई आणि बोरीबंदरावर धुरात उतरणाऱ्यांची मुंबई एक नव्हे. १९५५ साली पोर्तुगीज गोव्याकडील रेल्वेचा मार्ग बंद पडला. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त होईपर्यंत कित्येक घरांतील माहेरवाशिणींना मुंबई आणि मुंबईकरांना घरचा देव दुरावला. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण झाली आणि एका रात्रीत ये-जा होऊ लागली. हा मधला दुरावा आठवल्यावाचून त्या रात्रीच्या प्रवासाचे मोल कळणार नाही.

४

पाहुणा उतरला, आता त्याला दाखवावयाचे काय? मुंबईच्या 'पाहण्याजोग्या स्थळांची' यादी साठ-सत्तर वर्षांत तयार झाली. ती तयार कशी झाली हे पाहिले म्हणजे एक गमतीची आणि विचार करावयास लावणारी गोष्ट आढळते.

आरंभी यादी देवस्थानांचीच होती : मुंबादेवी, वाळकेश्वर आणि बाणगंगा, महालक्ष्मी, बाबुलनाथ. नवे स्थळ पाहावयाचे ते देवदर्शनाच्या वाटेवर, म्हणजे खर्चालाही कारण राहते आणि मनालाही बोचत नाही. १८६२ साली राणीची बाग उघडली. १८७२ साली तिच्या कडेला अजबखाना उघडला आणि यादीचे स्वरूप पालटले. आता देव नसलेले ठिकाणही सहकुटुंब पाहण्याजोगे ठरले. हा अजबखाना उभा राहण्यासाठी ज्यांनी खटपट केली त्यांत डॉ. भाऊ दाजी लाड प्रमुख होते. तेही मूळचे गोव्याच्या मांद्र्याचे. १९७५ पासून त्यांचे नाव त्या संग्रहालयास आहे.

बागेत एक दगडी हत्ती आहे. मुले त्याच्याकडे धावतात आणि मोठी माणसे त्याला वळसा घालून पुढे जातात. हा हत्ती मूळचा घारापुरीच्या बेटावरचा. पोर्तुगिजांनी त्याच्याचवरून त्या बेटाला एलिफंटा हे नाव दिले. १८६४ साली तो इंग्लंडास नेण्याचा बेत झाला, परंतु उचलताना यारीचा दांडा मोडला, हत्ती पडून फुटला, आणि त्याचे तुकडे राणीच्या बागेत आले. पुढे विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात ते जोडून हत्ती पुन्हा उभा करण्यात आला. यारीचा दांडा बळकट असता तर आज हा हत्ती पाहावयास लंडनची वाट धरावी लागली असती.

१८७४ साली घोड्यांची ट्राम सुरू झाली. ट्रामकंपनीजवळ नऊशे घोडे होते. कुलाब्याहून पायधुणीपर्यंतचे भाडे पहिल्याने तीन आणे होते. पाच महिन्यांत ते दोन आण्यांवर आले. १९०७ साली विजेची ट्राम आली आणि १९२६ साली मोटारबस. ट्राम ही केवळ स्थळे पाहण्याची सोय नव्हती, ती स्वतःच एक स्थळ होती. आम्ही लहानपणी बेळगावाहून प्रथम मुंबईस गेलो त्या खेपेस घरी परतल्यावर वर्गातील सोबत्यांनी पहिला प्रश्न केला तो ट्रामचाच. समुद्राविषयी कोणी विचारले नाही. ३१ मार्च १९६४ रोजी शेवटची ट्राम धावली, आणि यादीतील एक स्थळ चालते-बोलते असतानाच नाहीसे झाले.

राजाबाई टॉवर १८७८ साली पुरा झाला. २८० फूट उंचीच्या या मनोऱ्यास शेट प्रेमचंद रायचंद यांनी दोन लाख रुपये दिले आणि आपल्या आईचे नाव दिले. बोरीबंदरचे नवे स्थानक १८८८ साली तयार झाले, ते एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांच्या आराखड्याप्रमाणे. १९२२ साली नवे मोठे वस्तुसंग्रहालय लोकांस खुले झाले, आणि ४ डिसेंबर १९२४ रोजी अपोलो बंदरावरील दरवाजा, ज्यास आपण गेटवे म्हणतो, तो उघडला. या दोन्ही इमारती जॉर्ज विटेट यांच्या. संग्रहालयाच्या घुमटात गोवळकोंड्याची आणि आतील कमानींत विजापूरच्या गोल घुमटाची छाया आहे, तर गेटवेत सोळाव्या शतकातील गुजरातच्या शिल्पाची. म्हणजे हैदराबादेहून, विजापुराकडून किंवा बडोद्याकडून आलेला पाहुणा ज्या इमारतींकडे तोंडात बोट घालून पाहत होता, त्यांची मुळे त्याच्याच परिसरात होती.

यादीतील हा धागा आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो. शहराचे पहिले मोठे वर्णन लिहिणारा गोव्याकडचा, अजबखान्यासाठी झटणारा गोव्याकडचा. मेट्रो सिनेमासमोर ज्यांचा पुतळा आहे ते डॉ. आकासियो व्हिएगस हेही गोव्याचेच. १८९६ साली मुंबईतील प्लेग प्रथम ओळखला तो त्यांनी. राणीचा जो पांढरा संगमरवरी पुतळा कित्येक वर्षे पाहुण्यांना दाखविण्यात येत असे तो बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी दिलेला. पाहुण्यांनी पाहिलेली मुंबई अशी पुष्कळ अंशी पाहुण्यांच्याच हातची होती. दाखविणाऱ्याला ते ठाऊक नव्हते, पाहणाऱ्यालाही नव्हते.

५

आता दाखविणाऱ्याकडे वळू. ऐपतदार मंडळी क्रॉफर्ड मार्केटाजवळच्या सरदारगृहात उतरत. १ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्यांनी देह ठेवला ते हेच ठिकाण. कोणी धर्मशाळेत उतरत. पण बहुसंख्य पाहुणे उतरत ते नातलगांच्या चाळीतील एका किंवा दोन खोल्यांत. पाहुणे एकटे येत नसत. काका, काकू, मुले, काकूंची बहीण आणि 'तुमच्याकडे जागा आहेच, तर बरोबर येऊ' म्हणणारे शेजारचे स्नेही, अशी ती फौज असे. यजमान रात्री गॅलरीत निजे. सकाळी नळ जाण्यापूर्वी दहा माणसांच्या आंघोळी उरकाव्या लागत. कचेरीतून एक दिवसाची रजा मिळे ती राणीच्या बागेला. बाकीचे दिवस शेजारचा एखादा शाळकरी मुलगा वाटाड्या होई.

या आदरातिथ्याविषयी गोड लिहिण्याची पद्धत आहे. आम्ही ती पाळणार नाही. दहा दिवसांच्या पाहुणचाराने ज्यांचे महिन्याचे अंदाजपत्रक कोसळे त्यांना तो गोड वाटत नसावा, आणि ज्या गृहिणीने सर्वांस मुंबई पाहावयास धाडून स्वतः मात्र मागे राहून दोन वेळचा स्वयंपाक केला, तिची मुंबई कोठे लिहिलेली नाही. परंतु या ओढग्रस्तीतूनच एक मोठे काम झाले. ज्या काळी सीमाभागातील किंवा मध्य भारतातील मध्यम स्थितीच्या कुटुंबाला मुंबईत भाड्याने राहून हिंडणे केवळ अशक्य होते, त्या काळी हजारो मुलांनी पहिले संग्रहालय, पहिला समुद्र, पहिले मोठे ग्रंथालय पाहिले ते या एका खोलीच्या जोरावर.

हिंडण्याबरोबर कित्येक बंधने ढिली झाली. विहारचे पाणी १८६० साली नळाने शहरात आले, तेव्हा नळाचे पाणी सोवळ्याला चालते की नाही यावर मोठी चर्चा झाली. बाहेरगावच्या पाहुण्याने पुढे कित्येक वर्षे आपली दुरडी सोडली नाही, पण तहान लागल्यावर नळाला तोंड लावलेच. ट्राममध्ये शेजारी कोणी बसावे हे जातीने ठरत नसे. ज्यांना देवळाच्या पायरीवर चढू दिले जात नव्हते, त्यांनाही राणीच्या बागेचे दार आणि चौपाटीची वाळू मोकळी होती. देवस्थानांच्या यादीत जी समानता नव्हती ती नव्या यादीत आली. ती आणण्याचा कोणाचा हेतू होता असे नव्हे. तिकीट काढणाऱ्याची जात पाहणे धंद्याला परवडणारे नव्हते इतकेच.

स्त्रियांची गोष्ट अशीच. ७ जुलै १८९६ रोजी वॉटसन हॉटेलात चलच्चित्रांचा पहिला खेळ झाला. त्याच महिन्यात ते खेळ नॉव्हेल्टी नाटकगृहात होऊ लागले, आणि तेथे पडदानशीन स्त्रियांसाठी व त्यांच्या कुटुंबांसाठी निराळी जागा राखण्यात आली. घरच्या बायकांना घेऊन खेळ पाहावयास यावे म्हणून केलेली ही सोय, त्या काळी बायका बाहेर पडू लागल्या होत्या याचीच साक्ष होय. १९१३ साली गिरगावच्या कोरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला. पौराणिक कथा असल्याने वडील मंडळींचीही हरकत राहिली नाही. देवदर्शनाच्या निमित्ताने बाग पाहिली गेली तशीच हरिश्चंद्राच्या निमित्ताने सिनेमाची सवय झाली.

या रीतीला मोठा खंड पडला तो प्लेगने. १८९६ च्या अखेरीस लोक मुंबई सोडून पळू लागले. स्थानकांवर उतारूंची तपासणी होऊ लागली, आणि मुंबईहून आलेला पाहुणा म्हणजे गावाला धास्ती असे दिवस आले. शहर पाहणे ही गोष्ट शहराच्या आरोग्यावर, स्वच्छतेवर आणि परस्परांच्या विश्वासावर किती अवलंबून असते, याचा तो धडा होता. २०२० साली आपल्या पिढीलाही तो पुन्हा गिरवावा लागला.

६

या यादीत एक उणीव होती. पाहुण्यांना जे शहर दाखविण्यात येई ते राज्यकर्त्यांनी आणि धनिकांनी बांधलेले शहर होते. पाहुणा उतरे लालबागेत किंवा परळास, गिरणीच्या भोंग्याने जागा होई, आणि मुंबई पाहावयाची म्हणून तेथून निघून अपोलो बंदराला जाई. कावसजी दावर यांनी १८५४ साली पहिली कापडगिरणी काढली. पुढच्या शंभर वर्षांत जिच्या श्रमावर हे शहर उभे राहिले ती गिरणगावची वस्ती यादीत कधीच आली नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा मोठा संप सुरू झाला. त्यानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, आणि आज त्या जागी उंच इमारती आणि दुकानांचे महाल आहेत. आता तेथे पाहुणे जातात! ज्या घरात निजलो तेच पाहावयाचे राहून गेले, हे कळावयास आम्हांस फार उशीर झाला.

पुतळ्यांचे उलट झाले. पाहिलेले नाहीसे झाले. सातव्या एडवर्डाचा युवराजपणीचा अश्वारूढ पुतळा १८७९ साली बसला. लोकांनी राजाला विसरून घोड्याचे नाव त्या जागेस दिले. १९६५ साली तो पुतळा आणि खंडेरावांनी दिलेला राणीचा पुतळा दोन्ही हलविण्यात आले, आणि आज ते राणीच्या बागेत अजबखान्याच्या आवारात आहेत. काळा घोडा हे नाव मात्र हलले नाही. २०१७ साली तेथे स्वाराविना एक नवा घोडा उभा राहिला. गेटवेसमोर २६ जानेवारी १९६१ रोजी शिवछत्रपतींचा पुतळा आला. राणीची बाग जिजामातेच्या नावाची झाली, बोरीबंदरचे स्थानक १९९६ साली छत्रपतींच्या नावाचे झाले. सम्राटाच्या आगमनाची आठवण म्हणून बांधलेल्या गेटवेतूनच २८ फेब्रुवारी १९४८ रोजी ब्रिटिशांची अखेरची पलटण बाहेर पडली. आजोबांनी वडिलांना जे सांगितले ते वडिलांनी मुलांना सांगता येऊ नये, इतक्या झपाट्याने हे सर्व बदलले.

आणि एक स्थळ असे आहे की, ज्याचा अर्थ आम्हां सीमेबाहेरच्यांना निराळा लागतो. फ्लोरा फाउंटन हे कारंजे १८६४ सालचे. कित्येक वर्षे ते एक सुंदर कारंजे म्हणून दाखविण्यात येत होते. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीसाठी जमलेल्या लोकांवर तेथे गोळीबार झाला, आणि त्या चौकाला पुढे हुतात्मा चौक हे नाव मिळाले. १९५६ च्या १ नोव्हेंबरपर्यंत बेळगाव मुंबई राज्यात होते. मुंबई आमची राजधानी होती. त्याच दिवशी मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि बेळगाव त्यातून गेले. १९४९ साली मुंबई राज्यात आलेले बडोदे १९६० साली गुजरातेत गेले. राजधानी म्हणून जी पाहावयाची ती मुंबई एका पिढीत आमच्यापुरती परराज्यातील झाली. परंतु आम्ही ती पाहावयाचे थांबलो नाही. हुतात्मा चौकात मुलांना उभे करून 'हे तुझ्या गावासाठीही होते' असे सांगणाऱ्या बेळगावकर बापाची सहल ही निव्वळ करमणूक होती असे कोण म्हणेल?

असेच दुसरे स्थळ दादरच्या समुद्रकाठी आहे. ६ डिसेंबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे महापरिनिर्वाण झाले. तेव्हापासून दर वर्षी त्या दिवशी चैत्यभूमीवर लाखो लोक येतात, तेही सहकुटुंब, लेकराबाळांना आणि शेजाऱ्यांना घेऊन. अभिवादन झाले की त्यांतील पुष्कळजण गेटवे, राणीची बाग, बोरीबंदर पाहतात. यात्रा आणि शहर पाहणे ही आरंभी एकत्र असलेली आणि मध्यंतरी दुरावलेली दोन कामे येथे पुन्हा एकत्र आली आहेत. येथे जाताना ते खांद्यावर पुस्तकांचे गठ्ठे घेऊन परततात, हे आमच्यासारख्या शिक्षकांनी ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

७

आज 'मुंबई दर्शन' म्हणून बसने एका दिवसात शहर दाखवितात. हँगिंग गार्डन, म्हातारीचा बूट, राणीचा हार, सगळे घड्याळाच्या काट्यावर होते. पाहुणे नातलगांच्या खोलीत उतरत नाहीत. नातलगच डोंबिवली-विरारला राहावयास गेले आहेत. यात दुःख मानावे असे आम्हांस वाटत नाही. जी गृहिणी मागे राहून स्वयंपाक करी ती आता बसमध्ये खिडकीजवळ बसते, हा बदल चांगलाच आहे. मात्र दाखविणारा नातलग गेला आणि त्याबरोबर सांगणेही गेले. बसमधील मनुष्य इमारतीचे नाव सांगतो. पण या अजबखान्यासाठी झटणारा गृहस्थ आपल्या गोव्याकडचा, हा घुमट आपल्या गोवळकोंड्याचा, हे त्याने कोणाकोणाला म्हणून सांगावे? ते सांगणे घरचेच काम होते.

म्हणून आमची शिक्षक-बंधुभगिनींना आणि परिषदेच्या सभासदांना एक विनंती आहे. आपापल्या घरांत जुन्या ट्रंका असतील. त्यांत मुंबईहून पाठविलेली कार्डे असतील, खर्चाच्या वह्या असतील, गेटवेसमोर काढलेला कुटुंबाचा फोटो असेल, आगबोटीचे किंवा ट्रामचे एखादे तिकीटही असेल. ही कागदपत्रे रद्दी नव्हेत. कोण गेले, कोणत्या वाटेने गेले, कोठे उतरले, काय पाहिले, काय खाल्ले, काय पाहावयास मनाई झाली आणि घरी कोण मागे राहिले, हे त्यांतून समजते. मोठ्या इतिहासाने ज्या माणसांची नावे लिहिली नाहीत त्यांचा इतिहास या कागदांत आहे. वर्गातील मुलांना सुट्टीत एवढेच काम द्यावे की, आजीजवळ बसून तिची पहिली मुंबई लिहून आणा. आजी आहे तोवरच ते होण्याजोगे आहे.

गोव्याकडच्या एका शिक्षकाने मुंबईचे वर्णन लिहिले, त्याला दीडशे वर्षांहून अधिक काळ लोटला. तो पाहुणा म्हणून आला आणि शहर पाहत राहिला. त्याच्यामागून आलेल्या असंख्य पाहुण्यांनी काय पाहिले ते लिहून ठेवण्याचे काम अद्याप उरले आहे, आणि ते मुंबईकरांचे नसून आमचे आहे.